माय म्हणजे पाणी

मस्कतमध्ये थंडी आधी कानांना कळते. वर्षातले बहुतेक महिने ज्या एसीच्या घरघरीखाली आमचा संसार चाललेला असतो, तो एका सकाळी कुणीतरी बंद करते, खिडकी सरकवते, आणि घर अचानक ऐकू येऊ लागते. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, खाली टॅक्सीवाल्याने गिऱ्हाइकाला मारलेली हाक, कृष्णमंदिराच्या दिशेने वाऱ्यावर आलेली घंटा. दार्सैतच्या या दाट वस्तीत आपण इतक्या माणसांच्या मध्ये राहत होतो, हे दर हिवाळ्यात नव्याने समजते.

यंदा एसी बंद केला वृंदाने, माझ्या पत्नीने. खिडकी उघडून ती क्षणभर तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, “चटई काढायला हवी गच्चीवरून.” चटई म्हणजे सहल. उन्हाळाभर बंद काचांमागे कोंडलेली ओमानमधली आमच्यासारखी कुटुंबे या दिवसांत कोळशाची पोती, शेगड्या आणि घडीच्या खुर्च्या घेऊन डोंगरांच्या दिशेने सुटतात. सुटीच्या सकाळी पेट्रोलपंपावर बर्फ घ्यायला रांग लागते, आणि टपावर सामान लादलेल्या कार पाहिल्या तर वाटावे की सगळे शहर घर बदलायला निघाले आहे.

आमची मुलगी सई यंदा नागपूरला शिकायला गेली आहे. त्यामुळे यंदा चटईवर आम्ही दोघेच बसणार होतो. त्याच दुपारी फोनने आपण होऊन एक जुनी चित्रफीत समोर धरली. तो हिवाळा, ती सहल. आमच्या घरात अभिजात म्हणता येईल असा तो एकमेव विनोदी लघुपट. दिग्दर्शन सईचे, प्रमुख भूमिकेत माझी आई, आणि विदूषकाच्या भूमिकेत, दुर्दैवाने, मी.

सईने ती कृष्णधवल केली आहे, पळवली आहे, आणि तिचा आवाज काढून टाकला आहे, जुन्या मूकपटासारखी वाटावी म्हणून. चित्र असे दिसते: एक म्हातारी लुगड्याचा काष्टा सावरत दगडांतून चालते, तिचा पाय घसरतो, तोंड उघडते, आणि पांढरा पायघोळ दिशदाशा घातलेला एक प्रौढ ओमानी गृहस्थ तुरूतुरू धावत येऊन तिच्या हातात पाण्याची बाटली देतो. ती बसते. तोंड उघडते. तो पुन्हा बाटली घेऊन हजर. ती उठते. पुन्हा बाटली. एकदा तर ती चक्क पाण्यात पाय सोडून बसली आहे, आणि तिथेही हा सद्गृहस्थ घोट्यापर्यंत भिजत पाणी घेऊन येतो आहे.

हा लघुपट सईने घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा अकोल्याहून माझ्या धाकट्या भावाचा काळजीने भरलेला फोन आला. “दादा, आईची शुगर तपासून घे. इतकी तहान बरी नाही.”

त्याची चूक नव्हती. आमचा चित्रपट मूक आहे, आणि त्यातला सगळा विनोद आवाजात आहे.

आई त्या हिवाळ्यात प्रथमच मस्कतला आली होती. सोबत ज्वारीचे पीठ, वाळवलेल्या मिरच्या आणि तिची भाषा. वऱ्हाडातल्या आमच्या गावी प्रत्येक श्रमाला एक उद्गार असतो, आणि आईचा उद्गार होता, “माय वं!” बसताना ‘माय वं’, उठताना ‘माय वं’, गरम तव्याला बोट लागले की ‘माय वं’, आणि काही फारच झाले तर दुहेरी, ‘माय वं माय!’ तिची स्वतःची माय जाऊन कितीतरी काळ लोटला असेल. पण गुडघा दुखला की ती अजून तिलाच हाक मारत असे.

सईने आपली खोली आजीला अर्धी दिली. मी मनात योजून ठेवले होते की हिवाळा संपेपर्यंत दोघी एकमेकींच्या जिवलग होतील. तसे काही होईना. सई शाळेत मैत्रिणींशी इंग्रजीत बोलणारी, घरात मराठी चाचपडत बोलणारी, आणि आजीची वऱ्हाडी ऐकून पुरती गोंधळून जाणारी. आजीने काही विचारले की ती माझ्याकडे पाहत असे. सई काही म्हणाली की आई माझ्याकडे पाहत असे. आणि मी दोघींच्या मध्ये बसून मोठ्या निष्ठेने दुभाष्याचे काम करत असे. आईचे वाक्य स्वच्छ मराठीत करून सईला द्यायचे, सईचे वाक्य इंग्रजीतून सोडवून आईला द्यायचे. जाता जाता दोघींचे व्याकरणही सुधारायचे. आई म्हणे, “तुहीवाली ओढनी कुठी ठेवली?” मी म्हणे, “‘तुझी’ म्हण आई, नाहीतर तिला कळत नाही.” सई म्हणे, “बाबा, तुमचीवाली चाबी द्या.” मी म्हणे, “तुमची, सई. वाली नको. ते हिंदी झालं.”

मी नको तितका नीटनेटका माणूस आहे, हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा मला वाटे, मी पूल बांधतो आहे. पुलाच्या दोन्ही टोकांवर मीच पहारा देत उभा होतो, हे ध्यानात आले नाही.

परतीचा दिवस जवळ येऊ लागला तेव्हा एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता आईने मला विचारले, “तुहीवाली पोट्टी मले भेते का रे?”

“नाही गं. लाजते ती.”

“कायले? मी का परकी हावो?” एवढे विचारून ती मेथीची पाने खुडत राहिली.

तो प्रश्न मला फार लागला. आई जाण्यापूर्वी हे काहीतरी जुळलेच पाहिजे, असे मी ठरवले. आणि माझ्यासारखी माणसे काही ठरवतात तेव्हा सहलीचा बेत निघतो.

वादीत जायचे ठरले. वादी म्हणजे डोंगरांमधली नदीची दरी. बहुतेक कोरडी, गोट्यांनी भरलेली, आणि मध्येच कुठेतरी हिरव्या काचेसारखे डोह. कार्यालयातल्या केरळी सहकाऱ्याने बजावले होते, “सर, छोटी गाडी मत ले जाना.” मी स्मित केले. मस्कतच्याच गाला नावाच्या भागातल्या एका व्यापारी कंपनीत मी पंपांची विक्री पाहतो. यंत्रांतले मला थोडेबहुत कळते, असा माझा समज होता.

सहलीचा पहिला अंक गल्लीतच झाला. छपरावर बांधलेली चटई वळणावर सुटली आणि पुढच्या काचेवर सावकाश उलगडली. समोरचे जग नाहीसे होऊन तिथे हिरवे-जांभळे मोर नाचू लागले. मी करकचून ब्रेक दाबला. मागून आई म्हणाली, “माय वं!” सईने त्या क्षणी फोन बाहेर काढला, आणि तो दिवसभर आत ठेवला नाही.

डोंगर लागल्यावर वृंदाने विचारले, “पाण्याची मोठी बाटली कुठे ठेवलीत?”

मी आठवू लागलो. तिला ते पुरेसे उत्तर होते. “लिफ्टपाशी,” ती म्हणाली. “लिफ्टपाशी राहिली. बर्फ आहे, कोळसा आहे, बॅडमिंटनच्या दोन रॅकेटी आहेत. पाणी नाही.”

वादीत उतरल्यावर चाके गोट्यांत रुतली. वाळूत गाडी अडकली तर चाकांतली हवा थोडी काढावी, असे मी कुठेसे वाचले होते. इथे वरवर तरी वाळू नव्हती, गोटे होते. पण वाचलेले वाया जाऊ नये म्हणून मी चारही चाकांची हवा काढली. गाडी एक सुस्कारा सोडून पोटावर बसली, एखाद्या थकलेल्या म्हशीसारखी. मग माझ्या लक्षात आले की पंप विकणाऱ्या माणसाच्या गाडीत हवा भरायचा पंप नाही.

वृंदा डिकीकडे गेली. तिने फक्त रॅकेटी बाहेर काढल्या आणि एक मला दिली. “आता खेळायला वेळ आहे,” ती म्हणाली.

पलीकडे बाभळीच्या सावलीत एक ओमानी कुटुंब बसले होते. त्यातले यजमान माझ्याच वयाचे असावेत. नाव सालिम, हे पुढे कळले. आई गाडीतून उतरली, पहिल्याच गोट्यावर तिचा पाय सरकला, आणि दरीभर आवाज घुमला, “माय वं!”

सालिम ताडकन उठले. बर्फाच्या पेटीतून एक बाटली घेऊन ते अक्षरशः धावत आले आणि दोन्ही हातांनी ती आईपुढे धरत म्हणाले, “माय, उम्मी, माय. तफद्दली.”

आई पाहतच राहिली. बाटली घेतली, दोन घोट प्यायली, आणि ते गेल्यावर वृंदाला म्हणाली, “पाय वं, कसा गुनाचा मानूस हाय. ना ओयख ना पायख, आन् मले माय म्हनते.” थोडे थांबून, माझ्याकडे न पाहता, ती पुढे म्हणाली, “घरी दोन पोरं, दोघंबी शिकले आन् मले आई म्हनू लागले. माय म्हननारं एकबी नाई राह्यलं.”

मी खुर्ची उघडण्यात फार गुंतलो असल्याचे दाखवले. खुर्चीला ते मान्य नव्हते. मी बसलो, तिने एकदम घडी घातली, आणि माझे गुडघे माझ्या कानांपाशी आले. लघुपटात हे दृश्य सईने तीनदा उलटसुलट फिरवले आहे. माझी ती अवस्था पाहून आईने दुहेरी हाक घातली, “माय वं माय!” आणि सालिम या वेळी दोन बाटल्या घेऊन आले. “माय व माय,” ते समजूतदारपणे मान डोलवत म्हणाले. आईने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायला हात उंचावला, पण त्यांची भरजरी टोपी पाहून तो खांद्यावर ठेवला.

इतकी वर्षे या देशात काढूनही माझी अरबी ‘यल्ला’, ‘खलास’ आणि ‘इन्शाल्ला’ यांच्या पलीकडे गेली नव्हती. तहान लागली की मी सहकाऱ्यांकडे हिंदीतच पाणी मागत आलो. त्यामुळे मलाही वाटत होते की या भल्या माणसाला आई दिसली आणि त्याला तिच्यात स्वतःची आई दिसली. असे होते कधीकधी. मी थोडा हळवाही झालो.

मग आई डोहाच्या कडेला पाय सोडून बसली. या डोहांत बोटभर लांबीचे मासे असतात. निरुपद्रवी, पण पाय दिसले की सगळे मिळून टाचेची जुनी कातडी टोचू लागतात. आईला हे कुणी सांगितले नव्हते. सांगायचे काम माझे होते. तिने जी हाक मारली, त्या हाकेने झाडावरचे पक्षी उडाले. सालिम पाण्यातून पाणी घेऊन आले. त्यांच्या चेहऱ्यावर आता काळजी होती. पाण्यात बसूनही या माउलीची तहान भागत नाही, म्हणजे प्रकरण गंभीर आहे, असे काहीसे.

तेवढ्यात शेळ्या आल्या. ओमानच्या वादीत शेळ्यांना आमंत्रण लागत नाही. चटईवर मांडलेल्या भाकरींतली ठेचा लावलेली भाकर एका तपकिरी शेळीने निवडली आणि माझ्या डोळ्यांत पाहत ती खाल्ली. मग ती थांबली. तिने एकदा मान झटकली, एकदा शिंकली, आणि माझ्या पँटच्या दुमडलेल्या पायाला शांतपणे तोंड पुसले. वृंदा रॅकेट घेऊन तिच्यामागे, मी वृंदामागे, आणि सई फोन घेऊन आम्हा सगळ्यांमागे. मूकपटात हे फार शोभते. प्रत्यक्षात मला एवढेच दिसत होते की बेत पुरता मोडला आहे. आई एका दगडावर, सई दुसऱ्या दगडावर, आणि दोघींत सकाळपासून एका शब्दाची देवाणघेवाण नाही.

निदान गाडी तरी मोकळी करावी, म्हणून मी जॅकने तिची एक बाजू उचलून, भाजीची पळी घेऊन गाडीखाली शिरलो आणि पोटाला लागलेले गोटे उकरू लागलो. लघुपटाच्या या भागात माझे फक्त पाय दिसतात. गाडीच्या सावलीला म्हणून आई तिथेच, माझ्या पायांजवळ, चटईवर येऊन बसली. “माय वं,” ती बसता बसता म्हणाली. पावले आली, बाटली आली, पावले गेली. आणि मग सईचा हसण्याचा फसकन आवाज.

“आजी, वेट. आजी, तुला माहीत आहे का तो पाणी का आणतो?”

“कायले आनते?”

“तू बोलावते ना! शाळेत अरबी आहे मला. इकडे लोक पाण्याला माय म्हणतात. माय म्हणजे पाणी. तू ‘माय माय’ करते, तो पाणी आणतो. आणि ‘व’ म्हणजे अँड. तू म्हणाली माय व माय. पाणी आणि पाणी. म्हणून दोन बाटल्या!”

ती खूप हसत होती. मीही गाडीखाली हसलो, आणि डोके वर आपटले. आई मात्र हसल्याचे ऐकू आले नाही.

“म्हंजे,” ती म्हणाली, “तो मले माय नव्हता म्हनत?”

सईचे हसणे थांबले. आईचा तो आवाज मी ओळखला. भाजी निवडताना ऐकला होता तोच. आता काहीतरी बोलायला हवे, वाक्य नीट करून मध्ये ठेवायला हवे, म्हणून मी तोंड उघडले, आणि उकरलेली मूठभर वाळू नेमकी तेव्हाच त्यात पडली. मी थुंकत राहिलो. त्या वाळूचा मी आजन्म ऋणी आहे.

“म्हणत होता,” सई म्हणाली. मग अडखळत, एकेक शब्द उचलत, “म्हणत होता, आजी. तो काय म्हणाला? ‘माय, उम्मी, माय.’ बरोबर? तर माय म्हणजे पाणी. पण उम्मी... उम्मी म्हणजे माय. तुझीवाली माय.”

‘तुझीवाली’. मी वाळू गिळली.

“काय म्हनली?” आईचा आवाज एकदम वर आला. “कोनती माय?”

“तुझीवाली,” सई दबकत म्हणाली. “सॉरी. तुझी. बाबा म्हणतात वाली नाही म्हणायचं.”

“कोन म्हनते नाई म्हनाचं?” आईने चटईवर थाप मारली. “अवं, हे तं आमच्यासारखीच बोलते! माहीवाली, तुहीवाली, त्याचीवाली. आमच्या गावात सारे असेच तं बोलतात. तुह्या बापानं सांगतलं नाई तुले?”

“नाही,” सई म्हणाली. “मला वाटलं मी राँग बोलते.”

“मलेबी तेच वाटे,” आई म्हणाली, आणि मग हसली. ते हसणे मला गाडीखालून दिसले नाही. तिची बाटली चटईवरून गडगडत माझ्यापर्यंत आली, एवढेच दिसले. पुढे कितीतरी वेळ त्या ‘वाली’चा खेळ चालला होता. सालिमवाली बाटली, शेळीवाली भाकर, आणि माझ्या पायांकडे बोट दाखवून, “हे आपलेवाले बाबा.” मी बाहेर येऊ शकत होतो. आलो नाही. गाडीखाली उताणे पडून, हातात पळी घेऊन, मी एक शब्दही न सुधारता ऐकत राहिलो. एकाच शब्दाची दोन टोके दोघींनी धरली होती, आणि ती दोन्ही टोके खुडायचे काम मी किती कसोशीने करत आलो होतो!

जेवताना पाणी संपले. वृंदाने रिकाम्या बाटल्या पाहिल्या, पलीकडच्या सावलीकडे पाहिले, आणि अगदी आदबीने म्हणाली, “आई, जरा पुन्हा कण्हता का?”

सालिमना सईनेच जाऊन सगळे सांगितले, शाळेतल्या अरबीत. त्यांचे सारे कुटुंब बाभळीखाली गडाबडा हसले. मग त्यांनी कहवा आणि खजूर पाठवले, आणि त्यांच्या मुलाने पिकअपला दोर लावून आमची गाडी ओढून काढली. त्याच्या पिकअपमध्ये हवेचा पंप होता. तो आमच्याच कंपनीचा निघाला. वृंदाने त्यावरचे नाव मोठ्याने वाचून दाखवले, घर येईपर्यंत अधूनमधून.

त्यानंतर आई गावी परतेपर्यंतचे जे थोडे दिवस उरले, त्यांत त्या खोलीतून सतत कुजबूज आणि खिदळणे ऐकू येई. एकदा मी दाराशी गेलो. आत सई काहीतरी इंग्रजीत सांगत होती आणि आई वऱ्हाडीत उत्तर देत होती, आणि दोघींचे छान चालले होते. मी दार न वाजवता परत आलो. बेरोजगार झालेल्या दुभाष्याला इतका आनंद होत असेल, असे मला वाटले नव्हते.

पुढे महाविद्यालय निवडायची वेळ आली तेव्हा पुणे, मुंबई सगळे समोर असताना सईने नागपूर घेतले. कारण विचारले तर म्हणाली, “तिथून आजीवालं गाव जवळ आहे.” मी काही सुधारले नाही.

तर परवा ती चित्रफीत पाहून झाल्यावर वृंदाने सरळ फोन लावला. सई सुटीत गावीच होती. पडद्यावर आमचे अंगण आले, दोरीवर वाळणारे लुगडे आले, आणि पायरीवरून उठणारी आई आली. गुडघ्यावर हात ठेवून ती म्हणाली, “माय वं!” आणि कुठूनसा सईचा हात आला, त्यात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला.

“पाय रे,” आई पेला माझ्यासमोर नाचवत म्हणाली, “या पोट्टीपुढं आता कन्हाचीबी सोय नाई राह्यली. सकायपासून पानी पिऊन पिऊन पोट फुगलं माह्यं.”

“मग नको ना कण्हू,” सई म्हणाली.

“माहीवाली माय हाय, मी बोलावीन,” आई म्हणाली, आणि पाणी प्यायली.

फोन बंद झाला. खिडकीतून गार वारा येत होता, खालच्या घरात कुणीतरी कांदा परतत होते. चटई आणायला गच्चीवर जावे म्हणून मी खुर्चीतून उठू लागलो. गुडघ्यात कळ आली, आणि पन्नाशी उलटून गेल्यावर, कुणी न शिकवता, कुणी न विचारता, ओठांतून आपसूक निघून गेले, “माय वं!”

स्वयंपाकघरातून वृंदाने विचारले, “थंड की साधं?”